करवंदवाडीचा साकव

एका जंगलात, म्हणजे खरं तर जंगलाच्या कडेला, करवंदवाडी नावाचं एक गाव होतं. गावाच्या मधून ओढा वाहायचा. अलीकडचे सगळे वाघाला मत द्यायचे, पलीकडचे सगळे बिबट्याला. का द्यायचे? आजोबा द्यायचे म्हणून. आजोबा का द्यायचे, ते विचारायचं नाही. मुकाट्याने ऐका.

आता तुम्ही म्हणाल, वाघ हरणांना खात नाही का? अरे बाबांनो, निवडणुकीच्या तोंडावर कोण खातं?

अलीकडे तानाक्का नावाची एक साळिंदरीण राहायची. ती गावाची सुईण. दोन्ही काठांची बाळंतपणं तीच करायची. पण पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडे जाता यायचं नाही. गेल्या आषाढात पलीकडच्या सशिणीला कळा आल्या आणि तानाक्का इकडे अडकून पडली. सशिणीची तिन्ही पिल्लं गेली. तानाक्का चार दिवस जेवली नाही.

यंदा पलीकडची मैना हरणी गरोदर होती, आणि पहिलटकरीण. म्हणून तानाक्काने ठरवलं, पावसाआधी ओढ्यावर साकव झालाच पाहिजे. मोठा पूल नको, चार लाकडं टाकली तरी पुरे.

ती वाघाकडे गेली.

"अहो अक्का," वाघ म्हणाला, "अलीकडची मतं आपलीच आहेत की! घरच्या माणसांनी असं मागायचं असतं का?"

मग ती बिबट्याकडे गेली.

"अक्का, पलीकडची मतं कुठं पळून चाललीत?" बिबट्या म्हणाला. "करू की सावकाश."

तानाक्का तणतणत परत निघाली. वाटेत तिला भिकोबा सरडा दिसला. त्याच्या बिळापुढे नवीकोरी फरशी होती. वर पाल्याचा मांडवही.

"हे रे कुणी केलं?"

"फरशी वाघानं, मांडव बिबट्यानं."

"तू मत कुणाला देतोस?"

"तेच तर त्यांना कळत नाही," भिकोबा म्हणाला. "विचारलं की मी म्हणतो, बघू."

तानाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती दोन्ही काठांवर घरोघर फिरली. "यंदा कोणी कोणाचं नाही," ती सांगायची. "विचारलं की म्हणायचं, बघू. पुढे एक अक्षर बोलायचं नाही."

आणि काय सांगू, गावाने ऐकलं! वाघ अलीकडे आला, ससे म्हणाले, बघू. बिबट्या पलीकडे गेला, माकडं म्हणाली, बघू. म्हातारं कासव तर कधी कोणाशी बोलायचंच नाही, तेही मान बाहेर काढून म्हणालं, बघू.

दोघांची झोप उडाली. वाघ म्हणाला, मी साकव बांधतो. बिबट्या म्हणाला, मी कठड्यासकट बांधतो. दोघांनी नारळही फोडले, एकाच दिवशी, एकाच दगडावर. तानाक्का इतकी खूश झाली की तिने शेजारणींना बोलावून करवंदं वाटली.

पण दुसऱ्या दिवशी वाघ आणि बिबट्या गुपचूप भेटले.

"हे 'बघू' काही खरं नाही," वाघ म्हणाला. "अडीच वर्षं मी, अडीच वर्षं तू. काय म्हणतोस?"

"पहिली अडीच माझी," बिबट्या म्हणाला.

झालं! निवडणूक बिनविरोध. मतांचे खडे टाकायचे माठ उपडे करून ठेवले. गावाला कोण अभिमान! आपल्याकडे कसा एकोपा आहे, म्हणून जो तो सांगत सुटला. आणि साकव? आता मतंच मागायची नाहीत, तर साकव कशाला?

अभिनंदनाचा फलक मात्र लागला. वाघ आणि बिबट्या गळ्यात गळा घालून हसताहेत, असा. दोन्ही काठांवरून दिसायला हवा म्हणून अलीकडच्या काठावर दोन उंचच उंच बांबू रोवले होते.

पाऊस लागला. ओढा फुगला. आणि एका दुपारी पलीकडून हाका आल्या, "तानाक्का, मैनाला कळा सुरू झाल्या! पाडस आडवं आलंय!"

तानाक्का काठावर आली. पाण्याकडे बघून तिला रडूच फुटलं. मग तिने वर बघितलं. वर ते दोघे हसत होते. तिला असा राग आला, असा राग आला, की तिने बांबूंच्या बुडाला दात लावले आणि दोन्ही कराकरा कुरतडले. फलक कडाडून आडवा झाला. बांबूंची टोकं थेट पलीकडच्या काठाला टेकली.

तानाक्का वाघाच्या मिशांवरून, बिबट्याच्या दातांवरून तुरुतुरु पलीकडे गेली. मैना वाचली, पाडसही वाचलं. चांगलं ठणठणीत पाडस झालं!

सकाळी वाघ आणि बिबट्या लवाजम्यासह हजर. त्यांनी बांबूंना वेलीची फीत बांधली आणि दोघांनी मिळून तोडली. "शब्द दिला होता, पाळला!" दोघे एका सुरात म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तानाक्काला पहिल्या रांगेत बसवून एक नारळ दिला.

संध्याकाळी साकवावर गर्दी जमली. अलीकडचे म्हणाले, साकव वाघाने बांधला. पलीकडचे म्हणाले, बिबट्याने. भांडण पार हातघाईवर आलं. शेवटी दोन्हीकडच्यांनी आपापल्या काठावर जाऊन ठरवलं, पुढच्या खेपेला डोळे मिटून आपल्याच माणसाला मत द्यायचं.

तात्पर्य (पाठ करा, परीक्षेत नक्की येईल): मत कोणालाही द्या. फलक मात्र लांब बांबूंवरच लावायला सांगा.