अक्कांच्या कुड्या

नानांकडे चहा घ्यायचा तर आधी कपात डोकावून बघावं लागे. निम्म्या कपांत लसूण उगवलेला असायचा.

जळगावात आमच्या वरच्या मजल्यावर नाना आणि अक्का राहत. चोपड्याकडचं वावर धाकट्या भावाच्या हवाली करून नाना शहरात आले, पण हात स्वस्थ बसतील तर ना! दाढीचा मग, साबणाची डबी, मुलाच्या स्कूटरचं हेल्मेट, दिसेल त्यात माती भरायची आणि लसणाची पाकळी खोचायची. शेंडा वर, बूड खाली. कोणी उलटी खोचली तर तिथल्या तिथे त्याचा उद्धार. सकाळी सगळी भांडी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी पश्चिमेच्या, आणि मधल्या वेळात पाहुण्यांनी बसायचं कुठे हा प्रश्न पाहुण्यांचा. घरात कसला लसूण येतोय असं म्हटलं की ठरलेलं उत्तर, "माती शे ना? मंग बठ्ठं उगस." माती असली की सगळं उगवणारच, असा त्यांचा हिशेब.

एक दिवस देवघरातल्या पंचपात्रात लसूण निघाला. अक्का म्हणाल्या, या घरात एक तर लसूण राहील नाही तर मी. आता यावर नवऱ्याने पटकन काहीतरी बोलायचं असतं. नाना विचार करत बसले. संध्याकाळच्या बसने अक्का धुळ्याला बहिणीकडे गेल्या.

महिना झाला तरी अक्का काही येईनात. नाना वरवर म्हणायचे, येईल. पण आमच्याकडे जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. लसणापायी चांगला संसार मोडतो की काय, अशी मला भीतीच वाटायला लागली.

मग एकदाचा आमच्या फोनवर अक्कांचा ट्रंककॉल आला. भाचीचा साखरपुडा आहे, येताना माझ्या कुड्या घेऊन या म्हणावं. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. नानांचा चेहरा एकदम खुलला. आता कुड्या कानातल्याही असतात आणि लसणाच्याही, पण नानांच्या डोक्यात कानांना जागा होती कुठे? मला सोबत घेऊन निघाले आणि बसमध्ये मांडीवर हेल्मेट घेऊन बसले, आत हातभर वाढलेली पात. कानातल्या कुड्या खिशात असतील, अशी शेजारी बसून माझी समजूत. कंडक्टरने एकदा हेल्मेटकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तिकिटं फाडली.

धुळ्यात अक्का दारातच उभ्या होत्या, घुश्शातच. त्यांनी हात पुढे करून कुड्या मागितल्या. नानांनी दोन्ही हातांनी हेल्मेट पुढे केलं. साखरपुड्याला जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अक्कांनी कपाळावर हात मारला. मग त्यांचं लक्ष पातीकडे गेलं. वाढून वाढून ती पार लोंबायला लागली होती. खुडली कशी नाही इतके दिवस, असं त्यांनी विचारलं.

नाना खाली बघत म्हणाले, "तू गयी तवयपासून एकबी पात तोडी नही. भरीत तर तूच करस."

अक्का हेल्मेट उचलून आत घेऊन गेल्या. साखरपुडाभर मोकळ्या कानांनी मिरवत राहिल्या, आणि कोणी कुड्यांचं विचारलं की सांगायच्या, "आन्यात ना यास्नी."