मालकांचे वकील दिघेकाका

घरात दूध उतू गेलं तरी दिघेकाका चौकशी बसवायचे. आरोपी बहुधा नलिनीकाकूच. गॅसपाशी कोण होतं, लक्ष कुठे होतं, सगळं रीतसर विचारून झालं की काकू म्हणायच्या, "संपलं असेल तर ते फडकं द्या इकडे!" मग न्यायमूर्ती मुकाट्याने फडकं शोधायला लागायचे.

मयूर विहारमधली आमची सोसायटी महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांची. काका माझे शेजारी आणि ओखला-फरीदाबादच्या कारखानदारांचे वकील. कामगार गेटवर त्यांच्या नावाने 'मुर्दाबाद' करायचे, त्याचं त्यांना कोण कौतुक! "आज आवाज चांगला लागला होता यार," असं घरी येऊन सांगायचे. कुणाला कामावरून काढायचं असलं की मालकांना मात्र एकच सल्ला, "पहले सुन लो, फिर निकालो." एक मालक चिडून म्हणाला, "वकीलसाब, आप हमारे हो या उनके?"

"आपका ही हूँ. बिना सुने निकालोगे तो हारोगे."

काकू गेल्या आणि काकांनी कामं घेणं कमी केलं. भिंतीपलीकडून येणाऱ्या त्या चौकश्या बंद पडल्या. मला त्यांची फार आठवण यायची.

त्याच हिवाळ्यात सोसायटीच्या चौकीदाराला, रामदुलारेला, काढायचं ठरलं. ड्यूटीवर नसतो, अशी तक्रार. कमिटीने काकांना गाठलं, "तुम्हीच रीतसर काढा त्याला." काका खुलले. कमिटीच्या खोलीत टेबल मांडलं, घरून काळा कोट घालून आले. त्या थाटाला आम्ही गालातल्या गालात हसलो.

"आरोप नीट सांगा," काका सेक्रेटरींना म्हणाले.

"रोज संध्याकाळी पाच वाजले की हा गेट सोडून गायब होतो."

काकांनी चमकून रामदुलारेकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "रामदुलारे, तुम्हें कुछ कहना है?"

"ग़लती हो गई साहब. निकाल दीजिए." दोन पोरं गावाकडे त्याच्या पगारावर शिकत होती, तरी त्याने एवढंच सांगितलं.

काका खुर्चीतून उठले.

"ही चौकशी मला करता येणार नाही. मी साक्षीदार आहे. पाच वाजता हा माझ्याकडे असतो." "चहा अजून दोन कपच टाकला जातो हो माझ्याकडून. एकट्याला घशाखाली उतरत नाही. मीच खिडकीतून हाक मारतो याला."

मला वर बघवेना.

रामदुलारे खाली मान घालून पुटपुटला, "साहब, हम तो बता नहीं रहे थे."