वाकळेबाईंची वीट

आमच्या शाळेच्या वाचनालयात, तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, दोन कादंबऱ्यांच्या मध्ये एक वीट उभी होती. अंगावर खाकी कव्हर, पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. ती ठेवली ग्रंथपाल वाकळेबाईंनी, पण तशी वेळ आणली मी. त्या जागचं पुस्तक मी न वाचताच काढून टाकलं होतं. आदेशाखाली पर्यवेक्षक म्हणून माझी सही आहे. हिरव्या शाईत, चांगली वळणदार.

मुलं विचारायची, "बाई, ही वीट कशाची?"

"पुस्तक रजेवर गेलंय. बदली कामगार हाय ती."

चार दिवसांत विटेला मागणी आली. बाईंनी ती रीतसर देवघेव रजिस्टरात चढवली आणि एका मुलाला घरी दिली. शिपाई खलीलभाई धावत माझ्याकडे आले. "सर, अब ईंटां भी घर ले जारे बच्चे!"

वाकळेबाई मूळच्या लासूर स्टेशनच्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, सिडकोत एकट्या राहतात. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, त्या दिवशीच शाळेत उशिरा येतात, म्हणजे बहुतेक वेळेवरच असतात. वाचनालयात येणारं प्रत्येक पुस्तक आधी त्या स्वतः वाचतात आणि ते कुणाला खुपणार याचा अंदाज घेऊनच फळीवर लावतात. खुपणारं पुस्तक नजरेच्या उंचीवर.

तक्रार आली की बाई वाद घालत नाहीत. रजिस्टर उघडतात, ते पुस्तक तक्रार करणाऱ्याच्याच नावावर टाकतात आणि त्याच्या हातात देतात. "सात दिवस. वाचून आणा, मंग तोंडी घेते." तोंडी परीक्षेत प्रश्न एकच. "राग कुठल्या पानावर आला?"

विज्ञानाचे सर भुताच्या गोष्टींमुळे अंधश्रद्धा पसरते म्हणत तावातावाने गेले होते. आठव्या दिवशी त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का?" मराठीच्या मॅडमना एका पुस्तकाची भाषा अशुद्ध वाटली. त्यातली माणसं 'लई' आणि 'व्हय' म्हणतात. बाई म्हणाल्या, "अन् मी काय म्हणते इतकी वर्षं? मंग मला बी काढा यादीतून."

मग कैक वर्षं फळीवर असलेल्या त्या पुस्तकावर तक्रार आली. नाव सांगत नाही, उगाच खप वाढेल. सहावीतल्या एका मुलीला शाळेच्या सहलीत, वेरूळला, पहिली पाळी येते. एवढीच गोष्ट. पालक संघाचे जाधव, प्लॉटिंगवाले, ते टेबलावर आपटून म्हणाले, "हे असलं शाळेत?"

बाईंनी रजिस्टर उघडलं. "सात दिवस."

"मी असलं घरात नेणार नाही!"

"का? घरात बायामाणसं नायत?"

जाधव थेट मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांनी निर्णय माझ्यावर सोपवला आणि मी स्टाफरूममध्ये सर्वांसमोर बैठक घेतली. बाईंनी नियमाप्रमाणे पुस्तक माझ्या नावावर टाकून पुढे सरकवलं. "वेळ नाही," मी म्हणालो आणि रजिस्टर चाळलं. माझ्याआधी पुस्तक एकोणीस वेळा बाहेर गेलं होतं, आणि एकोणीसही वेळा नाव एकच होतं, सुमन वाकळे.

"मुलांना नकोच आहे हे," मी म्हणालो. "बाई, एकोणीस वेळा वाचूनही तुम्हाला विषय कळला नाही का?"

स्टाफरूम खदखदून हसली. माझा विनोद सहसा कुणाला कळत नाही, त्यामुळे मी खूश झालो. सही ठोकली.

बाईंनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, "बरं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून नुसतं 'बरं' मी कधी ऐकलं नव्हतं. सोमवारी फळीवर वीट आली.

दिवाळीला माझी मुलगी वैदेही पुण्याहून आली. ती आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. जेवताना तिला विटेचा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही.

"बाबा, ते पुस्तक मी वाचलंय. सहावीत."

"तुझं नाव तर रजिस्टरात नव्हतं."

"कसं असेल? बाई मुलींची नावं लिहायच्याच नाहीत. कुणी चिडवू नये म्हणून स्वतःच्या नावावर द्यायच्या. आई तेव्हा आजीच्या आजारपणात पाचोडला होती, आठवतं? पोटात दुखतंय म्हणून मी रडत होते आणि तुम्ही मला ओवा दिलात."

ओवा मला चांगलाच आठवत होता. वर गरम पाणी देऊन मी तिला शाळेत पाठवलं होतं आणि आपण एकट्याने मूल किती छान सांभाळतो, असं दिवसभर वाटलं होतं.

म्हणजे त्या दिवशी बाईंनी एकोणीस नावं उच्चारली असती तर पुस्तक फळीवर राहिलं असतं. त्यातलं एक आडनाव माझं होतं. त्यांनी पुस्तक जाऊ दिलं आणि हसूही अंगावर घेतलं.

सुट्टी संपल्यावर माझ्याच कपाटात कुलूपबंद असलेलं पुस्तक काढलं आणि दोन मोकळ्या तासांत वाचून संपवलं. मग वाचनालयात गेलो. बाई फाटक्या पानांना डिंक लावत होत्या. मी पुस्तक समोर ठेवलं.

"वाचलं?"

"हो."

"राग कुठल्या पानावर आला?"

"पानावर नाही, बाई. माझा मलाच आला. वैदेहीला मी ओवा दिला होता."

त्यांचा हात थांबला. "मला तर कुणी ओवा बी दिला नव्हता, सर. लासूरला तीन दिवस गोठ्यात बसून रडले. वाटलं, मरते आता." पुन्हा डिंक लावत म्हणाल्या, "इचारायला कुणी नव्हतं."

"मी सगळ्यांसमोर हसलो होतो. माफीही सगळ्यांसमोर मागणार आहे."

"मागा. पण पोरींची नावं नाय घ्यायची. तुमच्या पोरीचं बी नाय."

मग त्यांनी पुस्तक फळीवर लावलं, वीट काढली, रजिस्टरात माझ्या नावावर टाकली आणि माझ्या हातात दिली. "सात दिवस."

मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये उभा राहिलो. काखेत वीट होती. डबे उघडे राहिले, सगळे बघत होते.

"मी ते पुस्तक न वाचता काढलं," मी म्हणालो. "आणि वाकळेबाईंची इथेच चेष्टा केली. सही मागे घेतली आहे."

"एकदम असं काय झालं सर?" विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

"वाचलं," मी म्हणालो. मग दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळलो. "बाई, मी चुकलो. मला माफ करा."