बर्नीच्या सोफ्यावरची फळी

संघ मैदानात हरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जन्मात कधी संघ पाळलेला नाही. संघ हरतो तो घरात. सोफ्यावर. कुणीतरी नको त्या वेळी पाय हलवतं, आणि तिकडे शंभर मैलांवर दीडशे किलोचा गडी तोंडावर आपटतो.

ओहायोतल्या ब्रॅडिगन गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गावाचा संघ हॅमर्स. त्या साली हॅमर्स डिसेंबरपर्यंत सगळे सामने हरले होते. एकूण एक. (एक सामना बर्फामुळे पुढे ढकलला होता. तोही नंतर मुद्दाम वेळ काढून हरले.)

आता हा फुटबॉल हाताने खेळतात, त्यात नवल वाटून घेऊ नका, तिकडे कुणाला वाटत नाही. मागे एकजण चेंडू घेऊन उभा. तो फेकणारा. सगळे फोटो त्याचे, जाहिराती त्याच्या, दातही त्याचेच चांगले. त्याच्यापुढे खांद्याला खांदा लावून पाच बैल उभे, ती फळी. समोरचे लोक फेकणाऱ्याला चिरडायला धावतात आणि फळीने त्यांना अडवायचं, एवढंच काम. सामन्याचे भाग चार, त्यांना म्हणायचं क्वार्टर. पाचांत मोलाचा तो डाव्या टोकाचा, कारण फेकणाऱ्याची पाठ त्याच्याकडे असते आणि पाठीला डोळे नसतात.

"हॅमर्सची फळी पोकळ आहे," असं पेपरवाले दर सोमवारी छापायचे. बर्नी पोलाचेक ते वाचायचा आणि शरमेने पेपर उलटा घालून ठेवायचा. कारण फळी त्याच्याच बैठकीच्या खोलीत होती.

झालं होतं असं. फार वर्षांपूर्वी एका रविवारी घरचे पाचजण सोफ्यावर सहज जसे बसले तसे बसले, आणि हॅमर्सनी समोरच्यांचा भुगा केला. बर्नीला त्या दिवशी जागा उरली नव्हती म्हणून तो सोफ्याच्या मागे उंच स्टुलावर बसला होता. तेव्हापासून ती बैठक म्हणजे राज्यघटना. बर्नी मागे, म्हणजे फेकणारा. पुढे पाचांची फळी. टीव्ही तो त्यांच्या डोक्यांच्या फटींतून बघायचा आणि कधी तक्रार करायचा नाही. (टक्कल असलेल्यांमागे जास्त दिसतं, पण चमकतं.)

फळी अशी. डावं टोक, सासूबाई वांडा, वय सत्त्याहत्तर, हातात विणकामाच्या सुया. त्यांच्या बाजूने आजवर एकही अपशकुन आत आला नव्हता. दोन विमा एजंट आणि एक व्हॅक्युम क्लीनर विकणारा तर दारातूनच परतले होते. त्यांच्या शेजारी बर्नीचा थोरला भाऊ गस, बसवर ड्रायव्हर होता, बैठक दणकट, मूत्राशय कच्चं. मध्यभागी बायको डॉटी. मधल्याने चेंडू न बघता मागे द्यायचा असतो, तशी ती मान न वळवता चिप्सचा वाडगा डोक्यावरून मागे बर्नीला द्यायची, आणि इतक्या वर्षांत एक चिप सांडली नव्हती. तिच्या पलीकडे मुलगी ट्रिश. हिला त्या साली योगाचं वेड लागलं होतं, मांडी घालून बसायची, त्यामुळे फळीला बाक येत होता. आणि उजव्या टोकाला ब्रूटस. ब्रूटस कुत्रा होता, पण वजन, निष्ठा आणि शिस्त या तिन्ही बाबतींत फळीत पहिला.

दर शुक्रवारी बर्नी फ्रिजवर दुखापतींचा अहवाल लावायचा. गस : गुडघा, खेळण्याची शक्यता निम्मी. ट्रिश : शाकाहारी झाली, वजनात घट, चिंताजनक. ब्रूटस : तंदुरुस्त.

सासूबाईंच्या पुढे कधी काही लिहावंच लागलं नव्हतं. म्हणून डिसेंबरात एका रविवारी, हॅमर्स नेहमीप्रमाणे हरत असताना सासूबाई सुया न थांबवता म्हणाल्या, "मी लग्न करतेय," तेव्हा बर्नीने मागून एकच विचारलं.

"कुठल्या क्वार्टरमध्ये?"

"जानेवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारी. चर्चमध्ये. तेवढाच दिवस मोकळा होता."

मोकळा असणारच. हंगामातला शेवटचा सामना त्या दुपारी. त्या वेळी ब्रॅडिगनमध्ये लग्न तर सोडाच, कुणी मरतसुद्धा नाही.

"आई," बर्नी कळवळून म्हणाला, "थोडं पुढे ढकला ना."

"बाळा, पुढे ढकलायला माझ्याकडे पुढे फारसं उरलेलं नाही."

"पण नवरामुलगा कोण?" डॉटीने विचारलं. (पोटच्या मुलीला हे आधी माहीत असायला हवं होतं, पण सामना चालू असताना सोफ्यावर घरगुती बोलायची बंदी होती.)

"एल्मर. बिंगो खेळताना भेटला. पोर्ट ऑल्डनचा आहे."

ब्रूटस गुरगुरला. पोर्ट ऑल्डनचा संघ म्हणजे पाणकावळे. शेवटचा सामना पाणकावळ्यांशीच होता. एल्मरच्या दंडावर तर पाणकावळा गोंदलेला होता, पंख पसरून. एल्मर म्हातारा झाल्यामुळे कातडी लोंबली होती आणि पक्षी आता उतरायच्या बेतात दिसत होता.

"बर्न्या," गस हळूच म्हणाला, "डावं टोक शत्रूने पळवलं रे."

बर्नीने पर्याय शोधले. शेजारच्या मिसेस डनलिव्हींची चाचणी घेतली. बांधा उत्तम, पण पायावर पाय टाकून बसायची जुनी खोड, ती साठीत काय जाणार. चुलत मेहुण्याला बोलावलं, तो सोफ्यावर बसल्याबरोबर झोपला. (मैदानावरच्या फळीतही असे दोघे होते, पण त्यांना पगार होता.) भरतीची बातमी गावात पसरली. पिठाच्या गिरणीतला एक भारदस्त माणूस आपणहून आला, पण त्याने आधी विचारलं की खायला काय असतं, आणि बर्नीने अशा वृत्तीच्या माणसाला दार दाखवलं.

शेवटी त्याने तोच निर्णय घेतला जो कुठलाही विचारी माणूस घेईल. सोफा चर्चमध्ये न्यायचा.

फादर मुल्रूनींनी सुरुवातीला नकार दिला. मग बर्नीने टीव्हीही आणतो म्हटलं, तेव्हा त्यांना धर्मग्रंथात कुठे सोफ्याला मनाई असल्याचं आठवेना. एकच अट घातली, आवाज बंद ठेवायचा. देवाला निकाल आधीच माहीत असतो, तरी तो कुणाला सांगत नाही, एवढा तरी मान राखायला हवा.

लग्नाच्या दिवशी सहाजणांनी बर्फातून सोफा वाहून नेला. ब्रूटस वर बसला होता, जागा सोडायला तयार नव्हता. चर्चमध्ये पहिल्या बाकाच्या जागी सोफा, वेदीच्या एका अंगाला टीव्ही. हॉलमध्ये पलीकडे कुकींचं टेबल मांडलेलं. ब्रॅडिगनमध्ये कुकींच्या टेबलाशिवाय लग्न कायदेशीर धरत नाहीत. गावातल्या सगळ्या मावश्यांनी आठवडाभर भट्ट्या पेटवल्या होत्या. सासूबाई पांढऱ्या झग्यात, पायात बर्फाचे बूट, सोफ्याच्या डाव्या टोकाला, हातात फुलांऐवजी सुया. एल्मर वेदीपाशी एकटाच उभा. त्याला वाटलं असावं, इकडे अशीच रीत आहे.

फादरनी प्रार्थना केली. मग आणखी एक केली. तिसरीला त्यांचा डोळा टीव्हीवर गेला आणि "आमेन" म्हणायचं राहून गेलं. कारण हॅमर्स हरत नव्हते. म्हणजे हरत होते, पण चारच गुणांनी, आणि चेंडू त्यांच्याकडे होता. शेवटची रेघ बारा यार्डांवर, चेंडू घेऊन ती ओलांडली की सहा गुण. घड्याळात दोन मिनिटं.

फादर भानावर आले. "वधूने पुढे यावं," ते म्हणाले.



"आई," मागून बर्नीचा आवाज आला, "दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळच्या दोन मिनिटांत माझं अर्धं स्वेटर विणून झालं होतं."

"पण आई, आत्ता उठलात तर…"

"एल्मरचे पाय दुखतायत, बर्नी. तो तीन प्रार्थना उभा आहे." त्यांनी सुया डॉटीच्या मांडीवर ठेवल्या. "इतकी वर्षं तुझी पाठ राखली मी. कधी म्हटलं, मला पलीकडे बसायचंय? कधी म्हटलं, मला हा खेळ आवडत नाही?"

"तुम्हाला हा खेळ आवडत नाही?" बर्नीने विचारलं.

"डोंबल आवडतो. तुला आवडतो म्हणून बसते." आणि सासूबाई उठल्या.

डाव्या टोकाला भगदाड पडलं. तेवढ्यात टीव्हीवर हॅमर्सचाही डाव्या टोकाचा गडी लंगडत बाहेर गेला. ट्रिशने तोंडावर हात ठेवला. गसला अगदी त्याच घटकेला जायची लागली. सगळ्या चर्चने मान वळवून बर्नीकडे पाहिलं.

बर्नी स्टुलावरून उतरला. सोफ्याला वळसा घातला, आणि सासूबाईंच्या उबदार खळग्यात जाऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुढे कुणाचं डोकं नव्हतं. टीव्ही लख्ख समोर होता. पण फळीतला माणूस चेंडू बघत नसतो, हे त्याला ठाऊक होतं. चेंडू मागे असतो. आपण फक्त ज्याची पाठ राखायची त्याची राखायची. म्हणून त्याने टीव्हीकडे पाहिलंच नाही. बूट वाजवत, एका हाताने झगा सावरत वेदीकडे चाललेल्या सासूबाईंच्या पाठीकडे तो बघत राहिला, त्या पायरीवर अडखळतात की काय म्हणून.

अडखळल्या नाहीत.

फादरनी दोघांना विचारलं, स्वीकार करता का? "मी करते," सासूबाई म्हणाल्या.

"मी करतो," एल्मर म्हणाला, आणि चर्च दणाणलं. माणसं बाकांवर चढली, टोप्या उडाल्या, ब्रूटस भुंकला, फादरनी ग्रंथ छताला लागेल एवढा उडवला. हॅमर्सनी रेघ ओलांडली होती. साऱ्या हंगामातला पहिला विजय. एल्मरने डोळे पुसले. "एवढी प्रेमळ माणसं मी आमच्या गावात पाहिली नाहीत," तो प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाला. त्याला कुणी खरं सांगितलं नाही. (त्या गावात निष्ठुर माणसं आहेत, पण इतकी नाहीत.)

पुढे रीतसर चौकशी झाली. विजय कशामुळे? सोफ्यामुळे म्हणावं, तर तो आधीही होता. बर्नी टोकाला बसल्यामुळे? पण तो बसला दोनच मिनिटं. नवं काय होतं? लग्न. गसने बोटावर मोजून पटवून दिलं आणि हरकत कुणालाच घेता आली नाही.

म्हणून पुढच्या हंगामापासून दर रविवारी सासूबाईंचं लग्न लागतं. नवरा तोच. एल्मरची हरकत नाही, त्याला कुकी आवडतात. फादर म्हणतात, संस्कार एकदाच होतो, बाकी सगळा सराव, आणि सरावाला देवही आडवा येत नाही. आजवर अकरा लग्नं झाली, सात सामने जिंकले. एकदा एल्मरला ताप आला आणि लग्न राहिलं, तो सामना हॅमर्स एकतीस गुणांनी हरले. यापेक्षा मोठा पुरावा शास्त्राला लागत नाही. कुकी खाऊन फळीही चांगली भरली आहे, ट्रिशसुद्धा. टोकाला आता बर्नी कायम. टीव्ही तो अजूनही बघत नाही. रोज संध्याकाळी सासूबाईंकडून विणकाम शिकतो.

आता तुम्ही हसाल. म्हणाल, कसली येडी माणसं. हसा, हसण्याला कोण नाही म्हणतंय. फक्त एवढं आठवा, आपल्या क्रिकेटच्या त्या फायनलला, शेवटची जोडी खेळत असताना तुमची आत्या मोरीत गेली आणि नेमका षटकार बसला. मग बाहेरून कडी घालून "आत्या, आता तिथेच बसायचं, बाहेर यायचं नाही!" असं कोण ओरडलं, ते मी विचारत नाही. सामना आपण जिंकलो, फटाके वाजले, पेढे वाटले, सगळे गाड्या घेऊन बाहेर पडलात.

तेवढं एकदा उठून बघून या. कडी काढली होती ना?