लाल लोकर खाली आली

"अहो, जेवायला या. देश कुठे पळून जात नाहीत!" बायकोने स्वयंपाकघरातून पुन्हा हाक मारली, तेव्हा कुठे काटेवाले शेवटची टाचणी ठोकून भिंतीपासून हलले.

बंदरावर ट्रक तोलायच्या काट्यावर हयात गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणायची. तोललं तेही बहुतेक एकच: कागदासाठी जहाजाने परदेशी जाणाऱ्या लाकडाच्या ढलप्या. मुलगाही त्याच धंद्यात गेला, पण समुद्रापलीकडच्या देशातल्या कारखान्यात. निघताना गमतीने म्हणाला होता, "बाबा, ज्या वर्षी आपल्या ढलप्या त्यांच्यापेक्षा जास्त पैसे आणतील ना, त्या वर्षी परत येतो." मुलगा ती गंमत विसरला, बापाने मात्र भिंतीवर टाचण्या लावायला घेतल्या. दरवर्षी बंदराचं पत्रक आलं की दोन्ही देशांच्या निर्यातीच्या किमती पट्टीने मोजून संध्याकाळी टाचण्या लावायच्या आणि सकाळी त्यांवरून लोकर ओढायची. आपली हिरवी, त्यांची लाल; टाचण्याही त्याच रंगांच्या. लाल लोकर आईने मुलासाठी विणलेल्या स्वेटरची. एक बाही उसवून भिंतीवर गेली होती. हिरवी जीव तोडून चढायची आणि लाल तिच्या डोक्यावरून आरामात चालायची.

काटा थरथरत असताना वजन वाचायचं नाही, ही नोकरीतली सवय. त्यामुळे लोकर ओढेपर्यंत काटेवाले चित्राकडे बघतच नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लोकर ओढली आणि मान वर केली. लाल लोकर हिरवीच्या खाली आली होती.

त्यांनी तडक फोन लावला. "अरे, तुमचा देश आपटला!"

"बाबा... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? भिंतीवर दिसतंय की!"

"आईला कळलंय?"

"ही काय, शेजारी उभी राहून रडतेय."

"बरं. मग येतो मी."

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. माळ्यावरची खाट खाली आली, तिचा पाय निघाला, सुतार आला. मुलाची खोली रंगवायला रंगारी आला. तो विचारत होता, "ही टाचण्यांची भिंत पण रंगवू का?"

"हात लावशील तर बघ," काटेवाले म्हणाले.

"त्या टाचण्या पडतात हो सारख्या," बायको सहज म्हणाली. "सकाळी झाडताना एक लाल पडली. मी दिली लावून."

काटेवाले भिंतीकडे वळले. "कुठे लावलीस?"

"भोक दिसलं तिथे."

ते कॅलेंडरच्या जुन्या खिळ्याचं भोक होतं. पट्टी लावून पाहिली. लाल नेहमीसारखीच वर निघाली. खरं सांगावं म्हणून काटेवाल्यांनी फोन लावला, मुलाचा आवाज ऐकला, "तिकडे हवा कशी आहे?" एवढं विचारलं आणि ठेवून दिला. पोराला बघायला डोळे आसुसलेले; चूक कबूल करायला जीभच उचलेना.

मुलगा आला तो वाळलेला, डोळे खोल गेलेले. चपला काढून थेट भिंतीपाशी गेला. काटेवाल्यांना राहवलं नाही.

"ती टाचणी चुकून खाली लागली रे. तुमचा देश वरच आहे. तुला जायचं असेल तर..."

"हे आकडे गेल्या वर्षीचे, बाबा. यंदाची टाचणी द्या." मुलाने ती घेतली, वाकला आणि पार फरशीजवळ ठोकली. "आमचा कारखाना यंदा बंद पडला. कुठल्या तोंडाने परत येऊ, कळत नव्हतं. तुमचा फोन आला, वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय आणि तरी बोलावताय."

सवयीने काटेवाल्यांनी लाल लोकरीचं टोक पकडून त्या टाचणीकडे ओढलं.

"पुरायची नाही ती," आई म्हणाली. तिने त्यांच्या हातातून टोक घेतलं, सगळी लाल लोकर भिंतीवरून उतरवली आणि सुया काढून उसवलेली बाही पुन्हा विणायला बसली.