पलीकडचा चष्मा

अलीकडे

चष्मेवाल्याच्या नाकावर बायकोचा चष्मा आहे, हे बायकोनंच त्याला फोनवर सांगितलं. तोवर तो गिऱ्हाइकांना सांगत होता की आज बाहेर धुकं फार आहे.

दुकानात न खपलेल्या दोन सारख्या तपकिरी फ्रेमी त्यानं घरच्यासाठी काढल्या होत्या. सकाळच्या भांडणात ज्याच्या हाताला जो चष्मा लागला, तो त्यानं चढवला.

"तासाभरात माझी ड्रायव्हिंगची परीक्षा आहे," ती म्हणाली, "आणि समोरची बस मला ढगासारखी दिसतेय."

"महामार्गापलीकडेच आहेस ना? तिथंच थांब. हलू नकोस. मी येतो."

सकाळचं भांडण याच शब्दांवरून झालं होतं. गेले तीन महिने तिला गाडी शिकवताना शेजारी बसून तो दुसरं काहीच बोलला नव्हता. ती अर्थातच हलली.

मध्ये

महामार्गाच्या पोटात, येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांच्या मधोमध, मेट्रोचं काचेचं स्टेशन आहे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पूल. चुकीच्या चष्म्यातून मात्र तिथं एक नदी वाहत होती. लाल-पिवळे ठिपके पोहत होते आणि मधल्या बेटावर उजेडाची एक लांबलचक होडी येऊन थांबत होती. तो एका पुलावरून पलीकडे तरंगत गेला, ती दुसऱ्यावरून अलीकडे. भांडण कशावरून झालं, हे दोघांनाही क्षणभर आठवेना.

पलीकडे, म्हणजे आता अलीकडे

तिला पलीकडे एक निळा ठिपका दिसला; नवऱ्याचा शर्ट निळा होता. तिनं रुमाल हलवला. एक टॅक्सी करकचून थांबली.

"कुठं जायचंय, ताई?"

"पलीकडे. त्या निळ्या ठिपक्याकडे."

"ठिपका कुठल्या भागात येतो?"

मागे दुसरी टॅक्सी थांबली. मग बस. त्या बाजूला चष्मेवाला दोन्ही हात हलवत होता, तिथं तीन टॅक्सी आपसात भांडत होत्या. तो पूल चढला. तीही चढली. पुन्हा वेगवेगळे पूल, पुन्हा रुमाल.

हळूहळू नदी दोन्हीकडून गोठली; एकही गाडी हलेना. इतकी शांतता पसरली की बेटावरचा पंखासुद्धा ऐकू येऊ लागला.

मध्येच

"काकू, इथं बसा," स्टेशनवरची रखवालदार बाई म्हणाली. तिनं काकूंना बाकावर बसवलं आणि दुसऱ्या पुलावरून काकांना दंडाला धरून आणलं. "आता दोघंही हलू नका. मी केव्हाची वरून बघतेय, मलाच घेरी आली."

चष्म्यांची अदलाबदल झाली. नदीचा रस्ता झाला, ठिपक्याचा नवरा.

"दाढी नाही केलीत?"

"केली की. तुझ्या चष्म्यातून."

ती हसणार, तेवढ्यात घामाघूम झालेला एक माणूस शेजारी आदळला. छातीवर परीक्षकाचा बिल्ला.

"परीक्षेची गाडी तिकडं अडकली. आजच्या सगळ्या परीक्षा पुढच्या आठवड्यात! कुणीतरी दोघं दोन्हीकडून रुमाल हलवत होते म्हणे. माझ्याकडं लायसन मागायला येऊ देत एकदा."

काकूंनी रुमाल पर्समध्ये ढकलला. रखवालदार बाईला खोकला आला. मेट्रो आली आणि परीक्षकाला घेऊन गेली.

"म्हणजे अजून एक आठवडा तुमच्याकडून शिकायचं," ती म्हणाली. "नको. मी परीक्षाच सोडून देते."

त्यानं चष्मा काढून पुसला.

"शिकवत नाही. नुसता शेजारी बसतो."

"तोंड?"

"बंद."

"बघू," ती उठली. त्याच्या बाहीला धरून तरातरा पुलाकडे निघाली.

दुकान डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली. त्यानं तोंड उघडलं, हवा आत घेतली आणि मिटलं.

पलीकडे उतरल्यावर तिलाही कळलं, बाजू चुकली. गाड्या पुन्हा वाहू लागल्या होत्या. त्या बघत दोघं जरा वेळ उभी राहिली, हात मात्र खिशात घट्ट ठेवून.