जावयाच्या नावावरचं दुखणं

धोंड्याच्या जेवणाला जावई पाटावर बसलेला असताना सासऱ्याने छाती धरून कण्हायचं नसतं, एवढं दत्तरावांना कळत होतं. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखा दाब होता आणि डावा हात जड पडला होता. तरी ते हसत होते.

कारण होतं मागच्या वर्षीचं. असंच दुखलं म्हणून त्यांनी जीप करून भावकीसकट परभणी गाठली होती. डॉक्टरांनी गॅस सांगितला, एक ढेकर आला आणि सगळं मोकळं झालं. गावात, ताडकळसच्या पारावर, सूर्यभानने त्यांचं नाव 'ढेकरराव' ठेवलं, ते आजपर्यंत पुसलं गेलं नव्हतं.

"आवो, एवढा घाम कशाचा?" बायकोने, केवळाबाईंनी विचारलं.

"धोंडे गरम हायेत!" दत्तराव खेकसले. मग जबड्यापर्यंत कळ गेली आणि त्यांना युक्ती सुचली.

"जावईबापू, तुमचा चेहरा बरा दिसंना मला. चला, डॉक्टरला दाखवू."

"मला काय झालंय, मामा? लय खाल्लंय, एवढंच."

पण अधिक महिन्यात सासऱ्याला नाही म्हणण्याची रामकिशनची रीत नव्हती. पेशंटने मोटारसायकल काढली आणि त्याला दाखवायला नेणारा त्याच्या पाठीवर डोकं टेकून मागे बसला. वाटेत ज्याने विचारलं त्याला दत्तराव सांगत गेले, "बापूच्या छातीत दुखायलंय."

डॉक्टर माधवीबाईंनी रामकिशनला विचारलं, उत्तर दत्तरावांनी दिलं. "छातीत दाब. डावा हात जड. जबड्यापोतर कळ."

"तंबाखू?"

"दिवसाला दोन पुड्या."

"मामा! मी सुपारीबी खात न्हाई!"

"सासऱ्यापुढं कोन कबूल करतंय, बाई?"

"बीपीची गोळी?"

"सा महिने झाले, सोडली. बरं वाटायलं म्हनून."

रामकिशनचा ईसीजी निघाला, तो अगदी चोख होता. बाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग दत्तरावांच्या अंगाला चिकटलेल्या सदऱ्याकडे.

"पेशंटचं वय किती?"

"सत्तावन्न," दत्तरावांच्या तोंडून निघून गेलं.

एकोणतीस वर्षांचा रामकिशन उठून बसला. त्याच्या जागी दत्तरावांना झोपवलं आणि दुसरी पट्टी निघाली.

"काका, हा ॲटॅक आहे. आणखी थोडा वेळ लाजला असतात, तर लाजायला उरला नसतात." बाईंनी त्यांच्या तोंडात गोळी दिली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

परभणीला स्टेंट पडला. दुसऱ्या दिवशी, वाटेवर पसरलेली बातमी ऐकून, बोरीहून विहीणबाई सरजाबाई ऊर बडवत वॉर्डात शिरल्या. लेक ठणठणीत, हातात थर्मास घेऊन उभा, आणि खाटेवर व्याही. दत्तरावांना वाटलं, पांघरुणात तोंड घालावं. पण आता लपायला जागा नव्हती.

"विहीनबाई, दुखनं माजं होतं. हसतील म्हनून नाव बापूचं घेतलं."

"माझ्या पोरासाठी अकरा शनवार मारुतीला पायी जायचा नवस बोलून आले मी!" सरजाबाईंचा आवाज फुटला. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. आता तो फेडा तुमी!"

दत्तरावांनी मान खाली घातली. उभ्या जन्मात त्यांना इतकी लाज वाटली नव्हती.

बरे झाल्यावर दत्तराव नवस फेडायला निघाले; डॉक्टरांनीही चालायला सांगितलंच होतं. मारुतीची वाट पारावरून जायची. दर शनिवारी पारावरचे विचारत, दत्तराव थांबत आणि खालमानेने सगळं सांगत: दाब, हात, जबडा, घाम, तंबाखू, सोडलेली गोळी आणि जावयाचं नाव. लोक पोट धरून हसत.

चौथ्या शनिवारी सूर्यभान हसला नाही. तो थोडं अंतर त्यांच्याबरोबर चालला आणि हळूच म्हणाला, "दत्तराव, माझ्या मेव्हन्याचा डावा हात सकाळपासून जड पडायलाय म्हने."

दत्तरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. सकाळच्या गारव्यातही सूर्यभानच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"मेव्हन्याचं मागून बघू," दत्तराव त्याचा हात धरून म्हणाले. "आदी तू चल."